नाव काय टाकू

सेलूच्या स्टँडसमोर, चार बाय सहाच्या दुकानात
लोक जुना फोन देतात, नवा घेतात,
आणि एकातले नंबर दुसऱ्यात ओतताना
मी न वाचल्यासारखं करून सगळं वाचतो.

नवरा कुणाच्याच फोनमध्ये नवरा नसतो.
मालक असतो, अहो असतो, पिंट्याचे पप्पा असतो.
बोरीच्या एका मास्तरांनी बायकोला
'घर' म्हणून ठेवलेलं, आणि तिच्याच खाली 'घर २'.
मी नजर खाली घेतली.
नंतर कळलं, 'घर २' म्हणजे भाडेकरू.

कॉलेजच्या पोरी जास्त हुशार.
गॅस एजन्सीचा रात्री साडेअकराला मिस्ड कॉल येतो.
टायपिंगवाल्या मॅडम बदाम पाठवतात.
एकीनं ठेवलं होतं 'उचलू नको'
आणि दिवसातून वीस वेळा उचललं होतं.

परवा लाइट गेलेली, पंखा बंद,
वालूरच्या चौत्राबाई आल्या.
बटनाचा फोन, रबरानं आवळलेला.
पदराच्या गाठीत चिठ्ठी, चिठ्ठीत नंबर,
दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात.
"ह्यो घालून दे बाबू. एक दाबला की लागला पाह्यजे."

नाव काय टाकू?

बाई गप्प.
जुन्या बाया नाव घेत नाहीत, ठाऊक होतं,
म्हणून म्हणालो, मालक टाकू?
"मालक जाऊन अकरा वर्सं झाले."
मग भाऊ?
"भाऊ कामून व्हईल?"
पाहुणे?
"पाव्हना एक दिवस येतो.
ह्ये तं रोज येतंय, बांधावर बसतंय,
बिनसाखरेचा च्या पितंय,
तिकडं पाऊस पडला म्हनून सांगतंय, जातंय."

कारभारी म्हणालो, तर हसल्या.
कारभार कुठं उरलाय, म्हणाल्या, सुनाकडं गेला.
जोडीदार त्यांना बैलाचा वाटला.
मित्र हा शब्द माझ्याच तोंडात आला नाही.
नातं साधं होतं,
माझ्याकडचे शब्दच सगळे दुसऱ्यांच्या मापाचे.

बाहेर गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला.
त्या उठल्या. पुन्हा बसल्या.
"मपलं लिव."
मपलं काय?
"काय न्हाई. नुस्तं मपलं."

पुतण्यानं पाहिलं तर?
"पाहू दे. त्याला वाटंल बकरू."

एकेक बटन चारचारदा दाबून
मी ती तीन अक्षरं बसवली.
त्यांनी एक दाबून पाहिला.
पलीकडं कुणीतरी नुसतं "हां" म्हणालं.
"कायी न्हाई, लागतंय का पाह्यलं,"
आणि फोन बंद करायचा कसा ते न कळून
तसाच पदराखाली धरून ठेवला.
मी वीस म्हणालो होतो. पंधरा देऊन गाडीत चढल्या.

रात्री शटर अर्धं ओढून मी माझा फोन काढला.
सात वर्षं झाली लग्नाला,
बायको अजून 'कांचन जालना' आहे.
जालना सुटलं, आडनाव सुटलं,
इथल्या पाण्यानं केस गळतात म्हणून भांडून झालं,
फोनमध्ये ती अजून तिकडंच उतरलेली.
तिच्या फोनमध्ये मी 'स्क्रीनगार्ड सेलू'.
तेवढ्यासाठीच आली होती दुकानात, पहिल्यांदा.

जालना पुसून लिहिलं, मपली.
फोननं आपोआप केलं, आपली.
पुन्हा मपली. पुन्हा आपली.
ह्या कंपनीला आपलं माहीत, मपलं माहीत नाही.
तिसऱ्यांदा लिहीत होतो
तेवढ्यात तिचाच फोन, स्क्रीनवर जालना.

"ऐका ना," ती म्हणाली.
पुढं दही होतं, लिंबं होती, पोराचं चित्रकलेचं वहीपान होतं,
पण मी त्या पहिल्या दोन शब्दांतच अडकून होतो.
म्हणालो, ऐकतोय.